भुसावळला जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतोय, वायरिंग तपासून घेऊ का?

हो भाऊ, नक्की घ्या, आणि कूलर लावायच्या आधीच घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कूलर रात्रंदिवस चालतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. पंपाची वायर कुठे सोलली गेली आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर) नसलं, तर पूर्ण बॉडीत करंट उतरतो. लहान मुलं असतील तर हे अजिबात पुढे ढकलू नका.

सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणून अर्थिंग आहेच असं समजू नका. जुन्या घरांत कधीकधी सॉकेटच्या आत न्यूट्रल (करंट परत जायची वायर) आणि अर्थिंग वायरच्या तुकड्याने जोडलेलं सापडतं. फार धोक्याचं काम आहे ते! न्यूट्रल तुटली की त्याच तुकड्यातून करंट थेट कूलरच्या बॉडीवर येतो. वायरमनला सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी आहे ना, असं घरमालक म्हणतील. पण एमसीबी वायर जळू देत नाही, माणसाला शॉकपासून वाचवणं त्याचं काम नाही. आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा, तो पडून वीज बंद झालीच पाहिजे.

बाकी तपासणी परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. त्याने मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून पाहावं. इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली आलं, तर ती वायर बदलायची. माझ्या मते हा खर्च घरमालकाचा, भाडेकरारात तसं लिहून घ्या. आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, पिन काढून ठेवा.