हिरवा ठिपका आणि बोनिटोचं पाणी

प्रश्न : आमच्या घरात कुणीच मांसाहार करत नाही. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुंबईतल्या एका जपानी धाटणीच्या रेस्टॉरंट-लाउंजमध्ये गेलो होतो. मेनूवर हिरवा ठिपका बघून मी मिसो सूप आणि व्हेज उदोन नूडल्स मागवलं, वेटरला दोनदा विचारूनही घेतलं. नंतर शंका आली म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं : ‘बेस बोनिटो दाशीचा आहे, पण माशाचे तुकडे नसतात.’ तेव्हापासून जेवण जात नाही. बिल मैत्रिणीनं भरलं, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्जही होता. मला पोलिसांत जायचंय आणि ५० लाखांची भरपाई मागायची आहे. मी नाशिकला राहते.

उत्तर : ताई, तो मेसेज आधी जपून ठेवा. अशा प्रकरणात सूप पोटात गेलेलं असतं, नमुना उरत नाही, आणि तक्रार पुराव्याअभावी तिथेच बसते. तुमच्याकडे खुद्द रेस्टॉरंटची कबुली आहे. त्यांना वाटलं, तुकडे नाहीत म्हटलं की सुटलो.

बोनिटो हा मासा. तो वाळवून, धुरावून त्याचे पातळ काप करतात आणि समुद्री शेवाळासोबत पाण्यात उतरवतात. गाळलेलं पाणी म्हणजे नेहमीची दाशी. नुसत्या शेवाळाची किंवा शिटाके मशरूमची दाशीही होते, त्यामुळे व्हेज मिसो सूप अशक्य नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत समुद्री प्राण्याचा अंशही येतो. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं की प्राणिजन्य घटक कितीही कमी असला तरी तो उघड करायलाच हवा. मेनूच्या तळाशी ‘आमच्या किचनमध्ये मांसाहारी पदार्थही बनतात’ अशी ओळ असेल, तर ती ते पुढे करतील. एकाच किचनमध्ये चुकून संपर्क येणं वेगळं आणि सूपच माशाच्या पाण्यात करणं वेगळं, हे आपलं म्हणणं.

पोलिसांचा विचार मात्र सोडा. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९९, लागायला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेलं कृत्य लागतं. इथे मला हेतू दिसत नाही, निष्काळजीपणा आणि अज्ञान दिसतं. पोलीस ठाण्याच्या खेपा घालण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्नपरवान्याचा, क्रमांक असायला हवा, तो तक्रारीत घाला. अधिकारी आज जाऊन किचनमधली दाशी तपासू शकतो, ते तुम्हाला-मला जमणार नाही.

भरपाईसाठी ग्राहक आयोग. बिल मैत्रिणीचं, मग तुम्ही ग्राहक कशा, हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक धरली आहे. तरी मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र जोडा, वेटरला विचारल्याचं तिनं ऐकलंय हेही त्यात येऊ द्या. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येते, कारण तुम्ही तिथे राहता. मुदत दोन वर्षांची. तुमच्या बिलाएवढ्या रकमेला शुल्क लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे या डिजिटल प्रती खऱ्या असल्याचं, प्रमाणपत्र द्या, आणि मेनूचा फोटो नसेल तर तो आजच मिळवा. उद्या ठिपक्याचा रंग बदललेला असेल!

आता ५० लाख. एवढा आकडा टाकलात की आयोग तुमच्याकडे संशयानं बघायला लागेल. २०२५ मध्ये मुंबईतल्या एका जिल्हा आयोगानं मोमोजचं असंच प्रकरण फेटाळलं. तिथे मागणी सहा लाखांची होती, बिलावर नॉनव्हेज ऑर्डर लिहिलेली होती, आणि एवढे कडक शाकाहारी असाल तर दोन्ही मिळतं तिथे का गेलात, असंही विचारलं गेलं. तो प्रश्न तुम्हालाही येईल. तुमचं बिल ‘व्हेज’ म्हणतं, ठिपका हिरवा आहे, कबुली लेखी आहे, त्यामुळे तुमची बाजू बरीच भक्कम. तरी मानसिक त्रासापोटी बेताची रक्कम, तक्रारीचा खर्च आणि मेनू दुरुस्त करण्याचा आदेश, एवढंच मागा असं मी सांगेन.

आधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, आणि ती पाटीवरच्या दिमाखदार नावाला नको, बिलावर जीएसटी क्रमांकाजवळ ज्या कंपनीचं नाव छापलंय तिला. नोटीस पोचली की बहुधा फोन येईल, फुकट जेवणाचं कूपन पुढे होईल. घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ‘आता कुठलीही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही करू नका.

सर्व्हिस चार्ज ग्राहकाच्या मर्जीवर आहे. सक्तीनं लावता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. तो पैसा मैत्रिणीचा, म्हणून तक्रारही तिनंच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करावी.