पांढरी रम खरंच मुरलेली आहे का?

प्रश्न : बाटलीवर ‘3 वर्षे मुरवलेली’ असं छापलंय, पण रम पाण्यासारखी नितळ आहे. ही नुसती जाहिरातबाजी तर नाही? चव घेताना नेमकं काय तपासावं?

उत्तर : जाहिरातबाजीच असेल असं नाही. ओक लाकडाच्या पिंपात रमला सोनेरी छटा येते आणि नंतर सक्रिय कोळशातून गाळून ती काढून टाकतात. गयानाची एल डोराडो 3, निकाराग्वाची फ्लोर दे कान्या 4 या अशाच. क्यूबाच्या हवाना क्लब 3 मध्ये फिकट पिवळसर झाक उरते. अडचण एवढीच, की कोळसा रंगासोबत वासही ओढतो. गाळणी फार कडक झाली, की रम मुकी होते.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या. त्यात 20 मिली रम ओता आणि 10 मिनिटं तशीच राहू द्या. बर्फ नको, गारव्याने वास दबतो. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, कारण अल्कोहोलची वाफ एकदम वर येऊन नाक बधिर करते. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. पिकलं केळं, अननस हे वास आंबवणीत तयार होणाऱ्या एस्टर्सचे, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या संयुगांचे. जमैकन रममध्ये ते भरपूर असतात आणि तो दोष नव्हे. नेलपॉलिशचा दर्प मात्र इतर सगळं झाकून टाकत असेल, तर गुण कापा.

पहिला घोट फक्त जिभेला सवय लावण्यापुरता. निवाडा दुसऱ्यावर करा : 2-3 मिली, तोंडात 8-10 सेकंद. न मुरवलेली हलकी रम बहुधा सुरुवातीला भाजते आणि लगेच पातळ पडते. मुरलेली मध्यावर गोलसर लागते, जिभेच्या कडांना थोडा तुरटपणा जाणवतो, गिळल्यावर व्हॅनिला किंवा ओल्या नारळाची आठवण रेंगाळते. आता 6-7 मिली पाणी घाला. 40 टक्क्यांची रम साधारण 30 वर येते. वास खुलला तर उत्तम. सगळंच सपाट झालं तर रममध्ये मुळातच दम कमी.

आमचा सर्वाधिक भरवसा रिकाम्या ग्लासवर. न धुता रात्रभर ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, तळाशी सुकलेला पातळ थर उरतो. त्यात कोरडं लाकूड, व्हॅनिला आलं तर पिंपाचा हात लागलाय. नुसता उसाचा हिरवट वास आला, किंवा काहीच आलं नाही, तर छापील आकड्याला फार मान देऊ नका.

प्रश्न : रम गोडसर लागते. साखर घातली असेल का?

उत्तर : व्हॅनिलाच्या वासानेही गोडीचा भास होतो, म्हणून जिभेवर विसंबू नका. अल्कोहोलमीटर वापरा, म्हणजे द्रवात तरंगून घनतेवरून अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारं उपकरण. साखरेने द्रवाची घनता वाढते आणि मीटर छापील प्रमाणापेक्षा कमी आकडा दाखवतो. साधारण 1 टक्क्याचा फरक म्हणजे लिटरमागे सुमारे 4 ग्रॅम साखर. 40 ची रम 37 दाखवत असेल तर 12 ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या टक्क्याचा फरक सोडून द्या. युरोपीय संघात रममध्ये लिटरला 20 ग्रॅमपर्यंत गोडी चालते.

बहुतेकांची चूक तापमानात होते. मीटर सहसा 20 अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. रम 30 अंशांवर असेल तर तो तीन-चार टक्के जास्त दाखवतो, आणि साखर असूनही आकडा बरोबर 40 येतो. तेव्हा रम आधी 20 अंशांवर आणा, मीटरला चिकटलेले बुडबुडे झटका आणि आकडा द्रवाच्या पातळीला डोळे आणून वाचा.

प्रश्न : एका बैठकीत किती रम चाखाव्यात?

उत्तर : चार पुरे. कमी तीव्रतेच्या आधी, 50 टक्क्यांच्या वरच्या शेवटी. मध्ये साधं पाणी प्या आणि घोट थुंकायला संकोच करू नका.