तर्रीसोबत कोणती बिअर?

प्रश्न : नागपूरहून आयपीए नावाच्या बिअरच्या चार बाटल्या आणल्या आणि शेतावर सावजी मटणासोबत उघडल्या. दोन घासांत तोंडाची आग आग झाली, वर बिअर कडूजहर लागली. बिअर खराब होती का? जोडी लावायला शिकायचं कसं?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : बिअर चांगलीच असणार, जोडी चुकली. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि बिअरमधलं पाच-सहा टक्के अल्कोहोल त्याला पुरत नाही. उलट अल्कोहोल आणि गॅस दोन्ही जिभेची चुरचुर वाढवतात. त्यात आयपीएचा कडवटपणा आयबीयू या मापात साधारण 40 ते 70. तिखटावर एवढं कडू पडलं की दोन्ही भडकतात.

सावजीला माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडसर चव असलेली, कमी कडू बिअर द्या. आमची पहिली पसंती म्युनिक डुंकेल ही गडद जर्मन बिअर, 18 ते 28 आयबीयू. सावजी मसाल्यातलं खोबरं, खसखस भाजलेली असते. डुंकेलच्या माल्टलाही भाजलेल्या पावाच्या सालीसारखा खमंगपणा असतो. चव तिथे जुळते. ती नाही मिळाली तर हेफेवाइझन ही गव्हाची बिअर : 8 ते 15 आयबीयू, केळ्या-लवंगेचा वास, तोही फळं-मसाले न घालता फक्त यीस्टमुळे आलेला. उरलेली आयपीए आलूबोंड्यासोबत संपवा, मात्र सोबतच्या तळलेल्या मिरच्या बाजूला ठेवून. कडवटपणा आणि गॅस तोंडातला तेलकटपणा छान कापतात.

शिकायला पाटोडी घ्या, रस्सा वेगळा ठेवा. एका वेळी एक पदार्थ आणि दोनच बिअर, प्रत्येकी 100 मिली. आधी नुसता घोट. मग कोरड्या पाटोडीचा घास, नीट चावून, आणि चव तोंडात असतानाच दुसरा घोट. कडवटपणा वाढला की उतरला? बेसनाची चव टिकली का? लगेच लिहून ठेवा, सकाळी आठवत नाही. नंतर तीच पाटोडी रश्श्यात बुडवून पुन्हा. मध्ये ज्वारीची कोरी भाकर आणि पाणी. तीन फेऱ्यांपुढे जीभ थकते, तिथे थांबा.

बिअर बर्फासारखी गार नको, चव बधिर होते. हेफेवाइझन 5 ते 7 अंश, डुंकेल थोडी कमी गार. तर्रीचं तेल ओठांवरून ग्लासात उतरलं की फेस बसतो आणि वासही जातो, म्हणून घोटाआधी तोंड पुसा. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, पुन्हा धुवा.

प्रश्न : पुरणपोळीसोबत स्टाउट ही काळी बिअर चालेल का?

उत्तर : कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली स्टाउट नको. बिअर पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि करपट लागते. मिल्क स्टाउट चालेल : तिच्यातली दुधाची साखर यीस्टला पचत नाही, त्यामुळे गोडी शिल्लक राहते. पोळीवर तूप मात्र सढळ हातानं घ्या.

प्रश्न : मे महिन्यात बाटल्या गावापर्यंत न्यायच्या कशा?

उत्तर : थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून, झाकून. उन्हानं हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिघडून उग्र दुर्गंधी येते. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत ती लवकर येते, तपकिरी काचेत उशिरा. उष्णतेनं बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. आणि नागपूर-यवतमाळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, तिथे दारूबंदी आहे. दारव्ह्याच्या वाचकांनीही पुढच्या वेळी यवतमाळच्या परवानाधारक दुकानातच मागणी नोंदवावी.