ढगांसाठी केमिस्ट्री लागते

प्रश्न: मुलगी साताऱ्याला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते, ढगांवर संशोधन करायचंय. त्याला फिजिक्स लागतं ना? दोन वर्षं फुकट गेली का? – एक वडील

नमस्कार. मुळीच फुकट गेलेली नाहीत.

घरी एक करून बघा. प्लास्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घ्या, झाकण लावून बाटली दाबा आणि पटकन सोडा. फारसं काही दिसणार नाही. मग उदबत्तीचा जरासा धूर आत जाऊ द्या आणि पुन्हा दाबून सोडा. आत पांढरं धुकं उठेल. वाफ तीच, पण आता तिला बसायला कण मिळाले. कण नसतील तर थेंब धरायला आर्द्रता काहीशे टक्के लागते. खऱ्या ढगात ती शंभराच्या वर जेमतेम एखादा टक्का जाते.

त्या एका टक्क्यात कुठला कण पाणी धरेल, हा प्रश्न केमिस्ट्रीचा. समुद्राचं मीठ लगेच धरतं. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या कणांचं तसं नाही. लाकडाचा ताजा धूर बेताचंच पाणी धरतो (बाटलीत आपण एकदम जोर लावतो म्हणून जमतं), पण हवेत त्याचं ऑक्सिडेशन होत गेलं की जास्त धरू लागतो. काही सेंद्रिय रेणू थेंबाचा पृष्ठताण उतरवतात, मग लहान कणावरही थेंब वाढतो. पाइनच्या झाडांतून येणाऱ्या पिनीन या टर्पीनपासून (झाडांच्या वासाचा रेणू) सल्फ्युरिक ॲसिडशिवायही (पूर्वी ते लागतंच असं मानत) नवे कण तयार होतात, हे 'सर्न' या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या क्लाउड प्रयोगात २०१६ साली दिसलं. पृष्ठताण, ऑक्सिडेशन, टर्पीन: हे शब्द तुमच्या लेकीला नवे नाहीत.

शिवाय हे काम तुमच्या जिल्ह्यातच चालतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतात, विमानाशिवाय मोजता येतात.

वाट लांब आहे, हे मात्र मनाशी धरा. एम.एस्सी. केमिस्ट्रीतूनच करू दे, त्यासाठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा द्यावी. पुढे नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) आणि पीएच.डी. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, म्हणजे त्या वर्षांत घरावर भार पडत नाही. पक्की नोकरी तिशीच्या आसपास, तीही जागा निघतील तशी. एम.एस्सी.ला इन्स्ट्रुमेंटेशन (तपासणीची उपकरणं चालवणं) नीट शिकली, तर औषध कंपनीची वाट तेव्हाही उघडी राहते.

तिची खरी कच्ची बाजू गणित असेल. या सुट्टीत डिफरन्शियल इक्वेशन्स आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा हातात घेऊ दे. आणि आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांना उन्हाळी प्रोजेक्टसाठी मेल तिनेच लिहावा, तुम्ही नको.