उधारीवरचा सिनेमा

प्रिय होऊ घातलेल्या दिग्दर्शका,

मित्रांना घेऊन कमी पैशांत चित्रपट करण्याबद्दलचं तुझं लांबलचक पत्र वाचलं. कॅमेरा कुठला घ्यावा यावर तू दीड पान लिहिलंयस आणि ‘माणसांचं काय, सगळे मित्रच आहेत, येतील’ हे एका ओळीत उरकलंयस. म्हणून मी कॅमेऱ्याचं दोन ओळींत उरकतो. जो हाताशी आहे तो घे. शॉन बेकरने ‘टँजरीन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित केला आणि २०१५ मध्ये तो अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यानंतर या विषयावर दीड पान खर्ची घालण्याचं कारण उरलेलं नाही. पैसे उरलेच तर ते चांगल्या माईकवर आणि तो नीट धरणाऱ्या माणसावर घाल. हलणारं, अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही, तर उठून जातो.

आता माणसांकडे येऊ. चित्रपट ‘कमी पैशांत झाला’ असं आपण कौतुकाने म्हणतो, पण खर्च कमी झालेला नसतो, तो दुसऱ्यांनी उचललेला असतो. कुणाची रविवारची सुट्टी जाते, कुणाची झोप. कुणाच्या घराची बैठक तीन दिवस तारांनी भरून जाते. यातलं काहीच तुझ्या बजेटच्या कागदावर दिसत नाही, म्हणून ते फुकट आहे असं तुला वाटतंय. ती उधारी आहे. पैशाची उधारी मागायला सावकार तरी दारात येतो. मित्र येत नाही. तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही, एवढंच.

क्रिस्टोफर नोलनचा पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ १९९८ चा. खर्च सुमारे ६,००० डॉलर. काम करणारे सगळे आठवडाभर नोकरी करणारे, म्हणून शूटिंग शनिवारी, आणि तेही जवळजवळ वर्षभर. फिल्मची रिळं हाच मोठा खर्च असल्यामुळे नाटकासारख्या भरपूर तालमी करून एकदोन टेकमध्ये प्रसंग उरकायचा, अशी त्यांची रीत. ही गोष्ट नेहमी रिळांच्या काटकसरीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात माणसांची काटकसर जास्त दिसते. शनिवारी सकाळी जो आला, त्याला आपण काय करायला आलोय हे माहीत होतं. आता मेमरी कार्ड स्वस्त आहे, म्हणून लोक वीस-वीस टेक घेतात आणि दिग्दर्शक काय हवंय ते सेटवर शोधत बसतो. कार्डाला त्याचं काही वाटत नाही. बूम, म्हणजे माईकची लांब काठी, धरून उभ्या असलेल्या पोराच्या खांद्याला वाटतं.

म्हणून तालमी आधी. लोकेशन आधी पाहून ये, तेही ज्या वेळेला शूटिंग करणार त्याच वेळेला, कारण सकाळी शांत असलेली गल्ली संध्याकाळी शाळा सुटल्यासारखी गजबजते. कॉल शीट, म्हणजे कुणी कधी आणि कुठे यायचं याचा कागद, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या हातात हवी. जेवण वेळेवर आणि सगळ्यांना सारखं. ज्याचं काम दुपारी तीनला आहे त्याला सकाळी सातला बोलावून ‘असावा हाताशी’ म्हणून बसवून ठेवू नकोस. कमी बजेटच्या सेटवर सगळ्यात जास्त अपमान याच गोष्टीने होतो, आणि कुणी तोंडाने बोलत नाही.

रॉबर्ट रॉड्रिग्झच्या ‘एल मारियाची’चं (१९९२) उदाहरण तू दिलंयसच, सात हजार डॉलरवाला. औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन त्याने त्यातले बरेचसे पैसे उभे केले, कॅमेरा स्वतः चालवला, संकलन स्वतः केलं. त्याची पद्धत जरूर उचल: आपल्यापाशी फुकटात काय-काय आहे याची आधी यादी करायची आणि मग त्या यादीतून गोष्ट लिहायची. पण तो सात हजारांचा आकडा मनातून काढून टाक. चित्रपट स्टुडिओने घेतल्यावर ध्वनी, प्रिंट आणि जाहिरात यांवर त्याच्या कित्येक पट रक्कम खर्च झाली. तू ऐकतोस ते आकडे बहुतेक वेळा अर्ध्या सिनेमाचे असतात. उद्या एखादा निर्माता ‘त्याने सात हजारांत केला, तुला का जमत नाही?’ म्हणाला, तर त्याला उरलेला अर्धा हिशेब विचार.

केविन स्मिथचा ‘क्लर्क्स’ (१९९४) मला जास्त कामाचा वाटतो. तो ज्या दुकानात नोकरी करायचा तिथेच रात्री शूटिंग, कारण दिवसा दुकान चालू. पण गोष्ट घडते दिवसा. मग त्याने कथेतच लिहून टाकलं की दुकानाच्या शटरच्या कुलपात कुणीतरी च्युइंगम भरलंय, शटर उघडतच नाहीत. बाहेरचा अंधार दिसण्याचा प्रश्न मिटला आणि एक विनोदही मिळाला. अडचण लपवण्यासाठी लोक लाइट भाड्याने आणतात. त्याने तिला पात्रासारखं काम दिलं.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. हाल सोसल्याच्या कथा या क्षेत्रात फार मिरवल्या जातात. ‘छत्तीस तास झोपलो नाही’ हे पदक असल्यासारखं सांगतात. १९९७ मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाचा सहायक कॅमेरामन १९ तासांचा दिवस संपवून घरी निघाला आणि गाडी चालवताना झोप लागून अपघातात गेला. हास्केल वेक्सलर हा मोठा छायाचित्रकार त्या धक्क्याने या जागरणांविरुद्ध उभा राहिला आणि त्याने २००६ मध्ये त्यावर माहितीपट केला. तिथे तर पैसा होता, युनियन होती. तुझ्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे आग, खोल पाणी, उंची आणि अभिनय करता-करता चालवलेली गाडी, हे तुझ्या पटकथेत असेल तर खोडून टाक. बारा तासांनंतर पॅकअप. राहिलेला शॉट राहू दे. संकलनात बसल्यावर कळतं की त्यातले निम्मे लागतच नव्हते.

कागदपत्रांचा तुला कंटाळा आहे, हे तुझ्या पत्रातून दिसतंच. जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपापसात पैसे जमवून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) उभा केला. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सरळ सार्वजनिक मालकीचा झाला. जगभर गाजला, ज्याला हवा त्याने विकला, आणि ज्यांनी घाम गाळला त्यांचा त्यावरचा हक्क गेला. एक ओळ! मित्रांत कसले करार, असं तू म्हणशील. मित्र आहेत म्हणूनच लिहून ठेवायचं. कोण काय करणार, पैसे आले तर कुणाला किती, पाटीवर नाव काय म्हणून येणार. एक साधं पान पुरतं, पण ते शूटिंगच्या आधी. चित्रपटाला बक्षीस मिळाल्यावर ते पान लिहिता येत नाही.

चाहत्यांबद्दल तू विचारलंस, ते याच हिशेबाचं पुढचं पान आहे. तू स्वतः चाहता म्हणून सुरुवात करतोयस, त्यात कमीपणा नाही. १९८२ मध्ये मिसिसिपीतल्या काही शाळकरी मुलांनी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हा आवडता चित्रपट दृश्यामागून दृश्य स्वतः चित्रित करायला घेतला आणि सात वर्षं तेच केलं. विमानाचं एक दृश्य राहिलं होतं, ते त्यांनी २०१४ मध्ये, चाळिशी गाठल्यावर पुरं केलं. मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक स्पीलबर्ग याने त्यांना कौतुकाची पत्रं पाठवली. (साच्यासाठी चेहऱ्यावर भलतंच प्लास्टर लावल्याने एकाला रुग्णालयात न्यावं लागलं आणि त्याच्या भुवया गेल्या. वरचा ‘खोडून टाक’वाला परिच्छेद पुन्हा वाच.) पण मला मालेगावचे नासिर शेख जास्त शिकवून जातात. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. लाडक्या, गाजलेल्या चित्रपटांची विडंबनं करायला लागला. कॅमेऱ्यासाठी सायकलची ट्रॉली झाली, बैलगाडीची क्रेन झाली. मूळ चित्रपट सगळ्यांचा पाठ होता, पण त्यात बोली आपल्या गावची आली, विनोद आपल्या गावचे आले, नट गल्लीतले आले, म्हणून गाव बघायला लोटलं. तुझ्या पटकथेत मला अजून फक्त तुझे आवडते दिग्दर्शक दिसतात. तू राहतोस ती इमारत दिसत नाही.

तुझे चाहते होतील तेव्हाचं. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि ते आपला सिनेमा बघायला ट्रक भरभरून आले. हे नुसतं भांडवल उभारणं नव्हतं. ज्यांची गोष्ट होती त्यांचाच पैसा होता. लोकांकडून पैसे गोळा करून करायचा असेल तर या क्रमाने विचार कर: ही गोष्ट कुणाची आहे, आणि त्यांना ती हवी आहे का. मग दिलेलं वचन पाळ. उशीर होत असेल तर तसं कळव. वर्गणी देणारा माणूस उशीर माफ करतो, मौन माफ करत नाही.

चाहत्यांच्या ताकदीचा अंदाजही नीट घे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन टीव्ही मालिका बंद पडायला आली तेव्हा १९६७-६८ च्या हिवाळ्यात चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला, आणि मालिका परत येणार अशी घोषणा वाहिनीला पडद्यावरून करावी लागली. तिसरा सीझन मिळाला, पण कमी बजेटचा आणि शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेवर. १९६९ मध्ये मालिका संपलीच. मग त्याच चाहत्यांनी नियतकालिकं काढली, संमेलनं भरवली, कथा लिहिल्या आणि चित्रपट येईपर्यंत ते जग दहा वर्षं जागतं ठेवलं. पगार कुणालाच नव्हता. उद्या कुणी तुझ्या फिल्मची सबटायटल्स करून देईल, पोस्टर काढेल. तो तुझा प्रसिद्धी विभाग नाही. त्याचं नाव लिही, आधी विचारून वापर. आणि एखाद्या समीक्षकाने झोडपलं तर चाहत्यांना त्याच्या अंगावर सोडू नकोस; हा मोह फार मोठ्या लोकांनाही आवरलेला नाही.

पटकथा इतक्यात पाठवू नकोस. आधी शूटिंगचं वेळापत्रक पाठव, सगळ्यांची नावं घालून, आणि प्रत्येक दिवसापुढे कोण कुणाच्या गाडीने किती वाजता घरी पोचणार तेही लिही. ते रकाने भरताना तीन प्रसंग आपोआप गळतील असा माझा अंदाज आहे. कुठले गळले, ते कळव.

तुझा,
एक जुना प्रेक्षक