विजयदुर्गच्या १७५६ च्या लढाईवर कादंबरी लिहितोय. तुळाजी आंग्रे नायक करू की खलनायक? बाकीची पात्रंही पुतळ्यासारखी वाटतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सहा प्रकरणं झाली आणि गाडी अडली. मी काही इतिहासकार नाही. वाघोटन खाडीच्या काठी वाढलो, निवृत्तीनंतर गावातलं वाचनालय बघतो, आणि आमचे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. एवढ्या भांडवलावर उत्तर देतोय.

आजोबांपासूनच सुरू करतो. मंगळूरला कौलं भरायची आणि मुंबईला उतरवायची, हा त्यांचा जन्मभराचा फेरा. मी कॉलेजात असताना आंग्र्यांच्या आरमारावरचं एक पुस्तक त्यांना वाचून दाखवत होतो. त्यात शत्रूची शिडं दिसू लागतात आणि तांडेल खलाशांपुढे उभा राहून स्वराज्यावर पाऊण पान बोलतो. आजोबांनी विडी विझवली आणि म्हणाले, "मेल्या, शीड वर चढताना कोण असा बोलता? वारो खंयसून येता तां तरी तेणां बघूक व्हया होता." त्यानंतर ते पुस्तक त्यांनी पुढे वाचू दिलं नाही.

तुमच्या पात्रांचं दुखणं हेच असावं, असं मला वाटतं. त्यांना आपण इतिहासात आहोत हे माहीत आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजीच्या विजयदुर्गावर चालून गेले, तेव्हा कोणालाच पुढचं वर्ष माहीत नव्हतं. इंग्रजांच्या फौजेबरोबर आलेल्या क्लाइव्हला प्लासीची लढाई माहीत नव्हती, ती १७५७ च्या जूनमधली. इंग्रज आरमाराचा प्रमुख अॅडमिरल वॉटसन त्याच वर्षी कलकत्त्यात मरणार होता, ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि 'पेशव्यांनी स्वतःच्या हातांनी मराठी आरमार बुडवलं' हे वाक्य आपण आज सहज बोलतो, पण ते छावणीतल्या एखाद्या शिलेदाराच्या तोंडी घातलंत की तो शिलेदार उरत नाही, शाळेतला मास्तर होतो.

आता तुळाजी, म्हणजे कान्होजी आंग्र्यांचा मुलगा आणि विजयदुर्गाच्या आरमाराचा धनी. नायक की खलनायक याआधी एक अडचण बघा: तुमचा माणूस लढाईच्या दिवशी किल्ल्यात नव्हताच. १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज आरमाराच्या जेम्सने त्याचा सुवर्णदुर्ग घेतला होता. इंग्रजांचं आरमार विजयदुर्गसमोर आलं तोवर तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, आणि तिथून त्याला परत येऊ दिलं नाही. उरलेलं आयुष्य कैदेतच गेलं. किल्ला त्याच्या नातलगांच्या हाती, बायकामुलं आणि आई आत. म्हणजे ऐन कळसाच्या प्रसंगी नायक गैरहजर. बरेच जण इथे पळवाट काढतात आणि त्याला बुरुजावर उभा करतात. तुम्ही तसं करू नका. तो छावणीत बसलाय, तोफा ऐकू येताहेत, संध्याकाळकडे धूर दिसतो, आणि कोणाचं काय जळतंय हे कळायला मार्ग नाही. पहाऱ्यावरचा मराठा शिपाई त्याच्याशी कसा बोलतो? अदबीने, की डोळा चुकवून? या एका प्रसंगात त्याचा माजही येईल आणि भीतीही. मग नायक-खलनायकाचा निवाडा तुम्हाला करावा लागणार नाही. दस्तक (समुद्रावर जायचा परवाना) न घेता निघालेल्या व्यापाऱ्याला तो लुटारू, सावंतवाडीच्या सावंतांना वैरी, पेशव्यांना न जुमानणारा नोकर, कुलाब्याच्या मानाजीला भाऊबंदकीतला भाऊ, आणि त्याच्या गलबतावरच्या गाबीत खलाशाला पगार देणारा धनी. ज्या पात्राच्या डोळ्यांनी बघाल तसा तो दिसू द्या.

१२ फेब्रुवारीची दुपार मात्र घाईत उरकू नका. चार-पाचच्या सुमारास एक गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला आणि आग लागली. हे जहाज तुळाजीनेच १७४९ मध्ये इंग्रजांकडून धरलेलं. बाकीची गलबतं एकमेकांना बांधून ठेवलेली होती, म्हणून आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि सारं आरमार जळालं. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग विचारलं, "दोर तोडूक कोण धावलो नाय?" फेब्रुवारीत आमच्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. त्या वाऱ्यावर बाहेरचं जहाज आत शिरतं, पण आतल्या शिडाच्या गलबताला त्याच वाऱ्याच्या तोंडावर बाहेर पडणं महाकठीण. वल्ही मारून खाडीत वर न्यावं तर भरती पाहिजे. म्हणून सांगतो, त्या दिवसाची तिथी काढा, भरती-ओहोटीच्या वेळा मांडा, आणि मग तुमच्या तांडेलाला त्या बंदरात उभा करा. गलबतं बांधायचा हुकूम त्याला पटला होता का? नसेल तर तो कोणाला बोलला? हे ठरलं की पुतळा हलायला लागेल.

आणखी एक प्रसंग आहे, त्याच्या मोहात पडणार याची मला खात्री आहे. वॉटसनच्या 'केंट' जहाजावर एडवर्ड आइव्हज नावाचा डॉक्टर होता. त्याने लिहून ठेवलंय की किल्ला पडल्यावर अॅडमिरल तुळाजीच्या घरच्यांना भेटायला गेला. त्यांचं दुःख बघून म्हणाला, यापुढे मलाच तुमचा बाप आणि मित्र समजा. त्यावर सहा वर्षांचा धाकटा मुलगा रडत रडत म्हणाला, मग तूच माझा बाप, आणि त्याने अॅडमिरलचा हात धरला. अॅडमिरलचे डोळे भरून आले.

प्रसंग हृद्य आहे, नाकारत नाही. पण सांगणारा जिंकलेल्या बाजूचा, आणि त्याच किल्ल्यातून सुमारे १० लाखांची लूट निघालेली. तरीही वॉटसनला ढोंगी करू नका. माणूस लुटीतला वाटा घेऊन खरोखर रडूही शकतो. मला जास्त ओढ वाटते ती तिसऱ्याच माणसाची. अॅडमिरलला मराठी येत नसणार, त्या बायकांना इंग्रजी नाही. मग मध्ये दुभाषी असणारच. तो कोण? मुंबईचा, की धरलेल्या जहाजावरचा कोणी? 'बाप' हा शब्द त्याने मराठीत कसा आणला? आईने पडद्याआडून दिलेली एखादी शिवी त्याने गिळली असेल का? मी लिहीत असतो तर अख्खी कादंबरी या दुभाष्याच्या तोंडून सांगितली असती. पण मी लिहीत नाही, वाचनालयाची नोंदवही लिहितो.

क्लाइव्हबद्दल थोडंच. त्याला साम्राज्याचा शिल्पकार म्हणून आत आणू नका. मुंबईहून निघण्याआधीच लुटीची वाटणी ठरली होती, त्यात पेशव्यांचं नाव नव्हतं, आणि आपला वाटा किती यावरून त्याची आरमारी अधिकाऱ्यांशी कुरबुर झाली. तिशीतला एक लष्करी माणूस वाट्यासाठी हुज्जत घालतोय, एवढं पुरे.

बारीकसारीक: इंग्रजांना तुमची माणसं 'टोपीकर' म्हणू देत. ते किल्ल्याला 'घेरिया' म्हणत, गिर्ये गावावरून. घरांवर मंगलोरी कौलं घालू नका, मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा. देवगडच्या हापूसच्या बागाही नकोत, त्या फार पुढच्या. पेज, सुकं आणि कुळीथ चालेल. आणि सगळ्यांना दरबारी मराठी बोलायला लावू नका. एका गलबतावर गाबीत, भंडारी, कोळी, दालदी असे सगळे असायचे. त्यांच्या बोलीत दोन वाक्यं जरी बरोबर उतरली तरी वाचक तुमच्यावर विश्वास ठेवेल.

शेवट १३ फेब्रुवारीला निशाण उतरण्याशी करू नका, असं सुचवतो. त्याच ऑक्टोबरात किल्ला पेशव्यांकडे आला, बदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळालं. पुढे इथूनच पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांचं आरमार निघायचं आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये त्याने 'रेंजर' हे इंग्रजी जहाज धरलं. मधे २७ वर्षं. जळत्या बंदरात १२ वर्षांचा एक पोर उभा असेल, तर तोवर तो ३९ वर्षांचा तांडेल झालेला असतो. त्याला कोणी गलबतं एकमेकांना बांधून ठेवायचा हुकूम दिला तर तो काय करेल, ते लिहा आणि मला वाचायला पाठवा.