हुर्राकाचा ग्लास आधी मोजून ये

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

तुझं पत्र आणि थिसिसचा पाच पानी आराखडा, दोन्ही दोनदा वाचले. रक्तातल्या नव्या खुणांवरून यकृतातला फायब्रोसिस, म्हणजे सुजेनंतर साचणारे व्रणाचे धागे, ओळखायचा, हा विषय वाईट नाही. गाईड मान्य करतील, समितीही मान्य करील. पण त्या पाच पानांत मला एक माणूस कुठे भेटला नाही. ज्याचं यकृत कडक व्हायला लागलं आहे, पण अजून ज्याला काहीच होत नाही, असा माणूस. तो या घडीला सत्तरी तालुक्यात बागायतीला पाणी लावत असेल, नाहीतर पणजीच्या बसमध्ये तिकिटं फाडत असेल. मला जे सांगायचं आहे ते सगळं त्याच्याविषयी आहे.

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तू रोज बघतेस ते फुगलेलं पोट, सुकलेले दंड, पिवळे डोळे, रात्रीची असंबद्ध बडबड. ही आजाराची शेवटची पायरी. यकृत फार सोशिक. सिरॉसिस झाला, म्हणजे ते व्रणांनी पार कडक झालं, तरी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, भ्रम यांतलं काहीच नाही अशा अवस्थेत निम्म्याहून अधिक रुग्ण 12 वर्षं पार करतात. यांतलं एक जरी सुरू झालं की निम्मे दोनेक वर्षांत जातात. आपलं बहुतेक संशोधन या दुसऱ्या टप्प्यातल्या माणसांवर होतं, कारण ती खाटेवर सापडतात. तू पहिल्या टप्प्यातल्या माणसाकडे जा. त्यासाठी नवी खूण शोधावी लागत नाही. जुन्याच गोष्टी नीट विचाराव्या आणि नीट मोजाव्या लागतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मी तेव्हा तुझ्याच वयाचा होतो. डिचोली भागातले एक भजनी बुवा पोटात पाणी होऊन दाखल झाले. पन्नाशी उलटलेली, मधुमेह जुना, पोट सुटलेलं. मी यकृत तपासलं, प्लीहा तपासली आणि फाईलवर लिहिलं, 'दारूमुळे सिरॉसिस'. विचारलं नाही. गोवा, पुरुष, पन्नाशी, जलोदर, म्हणजे दुसरं काय असणार? पुढे तीन आठवडे जो डॉक्टर आला त्याने माझंच वाक्य उतरवून घेतलं. चौथ्या आठवड्यात त्यांची बायको माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "ह्यांनी जन्मात थेंब घेतला नाही. एकादशी कधी मोडली नाही. गावात आता लोक काय काय बोलतात, ठाऊक आहे तुम्हाला?" मी फाईल दुरुस्त केली. गावात जे पसरलं ते दुरुस्त करता आलं नाही. बुवा त्यानंतर भजनाला बसले नाहीत, हे मला मागाहून कळलं.

त्यांना जे होतं त्याला आज नाव आहे. चरबीमुळे यकृताला येणाऱ्या सुजेला 1980 साली मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी 'नॅश' म्हटलं, पण ते नाव आमच्या वॉर्डापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. 2023 मध्ये सगळी नामावळीच बदलली. आता चरबीचं यकृत आणि सोबत मधुमेह, वजन, रक्तदाब असं काही असेल तर 'मॅसल्ड'. त्यावर मध्यम प्रमाणात दारू असेल तर 'मेटएएलडी'. त्याहून जास्त असेल तर दारूचं यकृत. सीमा ग्रॅममध्ये आखलेल्या आहेत. मधला गट म्हणजे पुरुषांना आठवड्याला 210 ते 420 ग्रॅम अल्कोहोल, बायकांना 140 ते 350.

आता हे ग्रॅम आपल्याकडे कसे मोजणार, इथे खरा प्रश्न आहे आणि तुझ्या आराखड्यात तो एका ओळीत उरकला आहेस: 'मद्यपानाचा इतिहास घेतला जाईल'. कसा घेतला जाईल? तू विचारशील, सोरो घेता का? तो म्हणेल, "हांव सोरो घेना दोतोर. सिझनाक इल्लोसो हुर्राक, तितलोच." म्हणजे दारू नाही, हंगामात थोडासा हुर्राक, तेवढाच. तो खोटं बोलत नाही. हुर्राक ही काजूच्या रसाची, फेणीहून सौम्य दारू; पण त्याच्या हिशेबी ती दारू नव्हेच, ते काजूचं पेय. लिंबू, सोडा आणि चिरलेली मिरची घालून उन्हाळ्यात प्यायचं. तू मात्र हिशेब कर. हुर्राकाची ताकद साधारण 15 टक्के धरली, तर 180 मिलीच्या एका ग्लासात 21 ग्रॅम अल्कोहोल जातं. 60 मिली फेणीतही जवळपास तेवढंच, 20 ग्रॅम. रोज तीन ग्लास हुर्राक म्हणजे आठवड्याला साडेचारशे ग्रॅमच्या घरात. मार्च ते मे तो माणूस दारूच्या यकृताच्या रकान्यात बसला. जूनमध्ये पाऊस लागला, हुर्राक संपला, त्याने हात आखडता घेतला. जुलैत तू त्याला विचारलंस, गेल्या महिन्यात किती घेतली? शून्य. तोच माणूस, तेच यकृत, पण तुझ्या तक्त्यात आजाराचं नाव बदललं.

हा गोंधळ दुसऱ्या राज्यातल्या प्रश्नावलीत सुटलेला नसणार, कारण त्यांच्याकडे सहसा हुर्राकाचा हंगाम नाही. म्हणून तू हंगामाचा वेगळा रकाना कर. वर्षाचे चार तुकडे पाड. माप विचारताना 'पेग' म्हणू नकोस, ग्लास समोर ठेव. प्रश्न कोकणीत विचार, बायकोला बाहेर बसवून विचार. आणि बाय, बायकांनाही विचार. त्यांना कुणी विचारतच नाही.

तपासण्यांचं थोडक्यात लिहितो, कारण यातलं बरंच तुला पाठ असेल. बायोप्सीला आपण निर्णायक मानतो, पण सुईत येणारा तुकडा साऱ्या यकृताचा पन्नास हजारावा हिस्सा असतो, आणि शेजारचा तुकडा वेगळं सांगू शकतो. 2003 पासून फायब्रोस्कॅन आला. 50 हर्ट्झचा हलका धक्का द्यायचा, लहर किती वेगाने धावते ते मोजायचं, त्यावरून कडकपणा. सोय मोठी झाली, पण त्यासाठी तीन तास पोट रिकामं हवं. वाळपईहून पहाटेची बस धरून आलेला माणूस स्टँडवर भाजी-पाव खाऊनच तुझ्या दारात उभा राहतो. त्याला आदल्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. आकडा वाढून येतो आणि तो बिचारा घाबरून घरी जातो.

आरोग्य केंद्रात चालेल अशी पहिली चाळणी म्हणजे फिब-4. एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीतली दोन एन्झाइम्स. वयाला एएसटीने गुणायचं आणि भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने. 1.3 च्या खाली बहुधा निर्धास्त, 2.67 च्या वर पुढे पाठवायचं. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा 2 धरायची. चारही गोष्टी साध्या कागदावर असतात, वेगळा पैसा नाही. पण आपला पावसाळा विसरू नकोस. 45 वर्षांचा माणूस, एएसटी 36, एएलटी 36, प्लेटलेट 2 लाख 40 हजार. फिब-4 आला 1.1. त्याच माणसाला ऑगस्टमध्ये डेंगी झाला, प्लेटलेट 60 हजारांवर उतरल्या, बाकी काही हललं नाही असं समज. फिब-4 झाला 4.5. डेंगीत एएसटीही चढतं, म्हणजे खरा आकडा आणखी फुगेल. लेप्टोस्पायरोसिसचं तसंच. तेव्हा जून ते ऑक्टोबर तापाच्या रुग्णाचा फिब-4 काढायचाच नाही, महिना-दीड महिना थांबायचं, असा नियम आराखड्यात स्पष्ट लिही. मला विचारशील तर तुझा थिसिस हाच होऊ शकतो: आपल्या भागात ही चाळणी कोणत्या महिन्यात किती फसवते.

उपचाराकडे येतो. हिपॅटायटिस सी बघ. 1989 मध्ये विषाणू सापडला, 2013 च्या डिसेंबरात सोफोसबुविरला अमेरिकेत मान्यता मिळाली. चोवीस वर्षांत एक जुनाट, जीवघेणा आजार बहुतेकांच्या बाबतीत 12 आठवड्यांच्या गोळ्यांवर आला. आपल्याकडे 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषध मोफत आहे. माझ्या उमेदीत इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन महिनोन् महिने तापाने कण्हणारी माणसं मी बघितली आहेत, त्यामुळे हे लिहितानाही मला भरून येतं.

दारूच्या यकृताला अशी गोळी नाही. तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये आपण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतो. ब्रिटनमध्ये 1,103 रुग्णांवर झालेली 'स्टोपा' चाचणी 2015 साली छापून आली. त्यात 28 दिवसांच्या मृत्यूत थोडी घट दिसली, पण ती ठामपणे सिद्ध झाली नाही, आणि तीन महिन्यांनी तीही उरली नाही. पुढचं आयुष्य ठरतं ते दारू सुटली की नाही यावर. आणि या बाबतीत जगाने वाचलेलं एक काम आपल्या गोव्यात झालं आहे, हे तुझ्या संदर्भयादीत नाही याचं मला वाईट वाटलं. 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर चाचणी केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आले समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. 2017 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. दहा टक्क्यांचा फरक तुला लहान वाटेल. वॉर्डातल्या कुठल्या औषधाने तुला एवढा फरक दिसला आहे, ते आठवून बघ. तुझा फिब-4 ज्याला 'पुढे पाठवा' म्हणेल, त्याला त्याच केंद्रात त्याच दिवशी असा माणूस भेटला तर काय होईल, हे अजून कुणी आपल्याकडे नीट मोजलेलं मी वाचलं नाही.

बुवांसारख्यांना आज काय द्यायचं? वजन. दहा टक्के उतरलं तर सूज बहुतेकांची जाते, आणि बऱ्याच जणांचा फायब्रोसिसही मागे हटतो. याच आजारावरचं रेस्मेटिरोम हे औषध 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालं, पण आपल्या पेशंटला आधी भाताची मूद केवढी ते विचारायचं. शिडशिडीत माणसाला सोडू नकोस. बंगालच्या खेड्यांतला 2010 चा अभ्यास वाच. तिथे चरबीचं यकृत असलेल्यांत बहुतेक जण लठ्ठ नव्हतेच.

प्रश्नावलीत आणखी एक रकाना घाल: झाडपाला. 'कामीण', म्हणजे कावीळ, झाली की आपल्याकडे आधी गावठी औषध होतं, मग डॉक्टर. कोविडच्या काळात गुळवेलाचा काढा घेतलेल्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. विचारताना आवाजात दटावणी नको. एकदा दटावलंस की तो माणूस पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि तुझा रकाना कोराच राहील.

पुढच्या रविवारी ये. येताना कॉलेजातून मोजपात्र घेऊन ये, 250 मिलीचं चालेल. आमच्या शेजारी पूर्वी काजूच्या दारूची भट्टी होती, त्यांच्याकडे जुने ग्लास अजून आहेत, तीन वेगवेगळ्या आकारांचे. कोपऱ्यावरच्या बारवाल्याशीही मी बोलून ठेवलं आहे, तो त्याचे दाखवील. सगळे पाण्याने भरून मोजू, फोटो काढू, आणि तुझ्या प्रश्नावलीचं पहिलं पान तिथेच बसून लिहू. बायने जेवायला थांबायचं आहे, असं आतून सांगणं झालं आहे.

तुझा,
सर